सातारा-सांगलीतून कृषी अभियांत्रिकीत एम.टेक.: आधी प्रश्न निवडा, मग शाखा

बी.टेक. कृषी अभियांत्रिकीचं शेवटचं वर्ष सुरू झालं की घरचे, शेजारचे, पाहुणे सगळे एकच विचारतात, "पुढं काय?" आपल्याकडच्या बहुतेक पोरापोरींचं उत्तरही ठरलेलं असतं: "एम.टेक. करतोय, सोबत एमपीएससी चालू आहे." त्यात वाईट काही नाही. पण एम.टेक.ची दोन वर्षं फक्त वसतिगृहाची खोली आणि अभ्यासिका मिळावी म्हणून घेतली, तर ती पदवीही धड होत नाही आणि स्पर्धा परीक्षाही. पहिल्या वर्षी विषयांचा भार असतो आणि दुसऱ्या वर्षी प्रबंध. प्रबंधाच्या काळात तुम्ही शेतात, प्रयोगशाळेत किंवा वर्कशॉपमध्ये असता, आणि ते काम अर्ध्या मनानं होत नाही.

म्हणून या लेखात मी नेहमीचा क्रम उलटा लावला आहे. आधी कॉलेज, मग शाखा, मग मार्गदर्शक आणि शेवटी मार्गदर्शक देतील तो विषय, असं सहसा चालतं. माझं म्हणणं असं की अर्ज भरण्याच्या निदान सहा महिने आधी तुम्हाला कोणत्या प्रश्नावर काम करायचं आहे ते ठरवा. शाखा, विद्यापीठ, परीक्षा आणि अभ्यास त्यानंतर आपोआप ठरत जातात. आणि प्रश्न शोधायला सातारा-सांगलीसारखी जागा नाही. एकाच नदीखोऱ्यात महाबळेश्वरचा धो धो पाऊस आहे, माण-जतचा दुष्काळ आहे, आणि मध्ये पाणी जास्त झाल्यानं मीठ फुटलेली जमीनही आहे.

पात्रता, दोन वाक्यांत

एम.टेक. कृषी अभियांत्रिकीसाठी बी.टेक. कृषी अभियांत्रिकी (जुन्या नावानं बी.ई. किंवा बी.एस्सी. कृषी अभियांत्रिकी) ही पदवी लागते. बी.एस्सी. कृषी झालेल्यांना हा दरवाजा सहसा बंद असतो, त्यामुळे कराड किंवा कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्यांनी एम.एस्सी.त मृदाशास्त्र, कृषिविद्या असे जवळचे विषय बघावेत.

पायरी पहिली: आपल्याच तालुक्यातला प्रश्न शोधा

आपल्याकडे एम.टेक.च्या मुख्य शाखा पाच: कृषी यंत्रे व शक्ती, मृद व जलसंधारण, सिंचन व निचरा, कृषी प्रक्रिया व अन्न अभियांत्रिकी, आणि अपारंपरिक ऊर्जा. माहितीपत्रकात ही नावं वाचून काही कळत नाही. गावात फिरून कळतं.

मिरज, वाळवा, पलूस या पट्ट्यात चला. उसाला वर्षानुवर्षं पाटानं भरमसाट पाणी दिलं, काळ्या जमिनीला निचरा नाही, भूजल वर आलं आणि केशाकर्षणानं क्षार पृष्ठभागावर आले. उन्हाळ्यात ती रानं पांढरी दिसतात. माती परीक्षणाच्या भाषेत विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त. मातीच्या कणांना चिकटलेलं (विनिमययोग्य) सोडियम १५ टक्क्यांच्या पुढं आणि सामू (पीएच) ८.५ च्या वर गेला की ती चोपण. उपाय दोन्हींचे वेगळे: पहिलीला निचरा आणि गोड्या पाण्यानं क्षार धुऊन काढणं, दुसरीला त्याआधी जिप्सम. जमिनीखाली साधारण एक ते सव्वा मीटरवर सच्छिद्र पाइप टाकून भूमिगत निचरा करण्याची कामं आपल्या भागात झालेली आहेत. पण दोन पाइपांत अंतर किती ठेवायचं, आपल्या भारी मातीत पाइपाभोवतीची गाळणी कधी चोंदते, निघालेलं खारं पाणी कुठं सोडायचं, शेजारच्या रानातून पाझर येत राहिला तर काय करायचं, हे सगळे सिंचन व निचरा शाखेचे जिवंत प्रश्न आहेत. प्रत्येकावर एक प्रबंध होईल.

आता पूर्वेकडे जा. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ. टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून इकडं आणलं. लिटरमागं वीज खर्चून आलेलं हे पाणी पाटानं सोडणं परवडणारं नाही. डाळिंबाला, द्राक्षाला ठिबकनं किती आणि केव्हा द्यायचं, लॅटरलच्या, म्हणजे रोपांच्या ओळीतल्या नळीच्या, पहिल्या आणि शेवटच्या ड्रीपरच्या प्रवाहात किती फरक पडतो, क्षारांनी ड्रीपर बंद पडतात त्याचं काय, हेही सिंचनाचंच काम. आणि योजनेचं पाणी जिथं पोचत नाही त्या माळावर सलग समतल चर, ताली, नालाबांध यांचं मोजमाप, म्हणजे किती अपधाव (वाहून जाणारं पावसाचं पाणी) अडली, किती माती वाहून जायची थांबली, भूजल किती चढलं, हे मृद व जलसंधारणाचं. जलसंधारणाची कामं आपल्याकडे झाली उदंड, मोजमाप फार थोड्या ठिकाणी झालं. मोजणाऱ्या माणसाला इथं भरपूर वाव आहे.

प्रक्रियेचं तर सांगायलाच नको. तासगावचा बेदाणा आणि सांगलीची हळद, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. हरिपूर-सांगलवाडीच्या पेवांचं उदाहरण घ्या. जमिनीत खोल खणलेल्या त्या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. साधन साधं दिसतं, पण तत्त्व हवाबंद साठवणुकीचंच. २००५ च्या महापुरात यातली कितीतरी पेवं गेली. ज्याला साठवणूक अभियांत्रिकी शिकायची आहे त्यानं आपल्याच जिल्ह्यातलं हे तंत्र ऑक्सिजन, आर्द्रता आणि तापमानाच्या आकड्यांत मांडलं, तर त्याच्यासारखं काम नाही. हळद शिजवण्याचे कुकर, वाळवण, पॉलिशचे ड्रम, साताऱ्याच्या डोंगरातली स्ट्रॉबेरी शेतातून बाजारापर्यंत नेताना होणारी नासाडी, गुऱ्हाळातल्या चुलाणाची उष्णता, हेही याच शाखेत येतं. चुलाणाकडे इंधनाच्या बाजूनं पाहिलं तर तो विषय ऊर्जा शाखेतही बसतो.

यंत्रांबद्दल एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याच मातीतली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा सुरुवातीला शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडानं जमीन नासते असा समज होता. पुढं औंध संस्थानानं जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, तिथून नांगर, चरक, पंप गावोगाव गेले. आजही यंत्र चांगलं असून चालत नाही, ते वापरणाऱ्याच्या रानाच्या आकाराला, सरीच्या अंतराला आणि खिशाला बसावं लागतं. ऊसतोडणी यंत्र मोठ्या सरीत चालतं, आपली रानं गुंठ्यांत. पाचट जाळण्याऐवजी कुट्टी करणारं, छोट्या ट्रॅक्टरवर चालणारं यंत्र असो की हळद काढणीचं अवजार, कृषी यंत्रे शाखेत जाणाऱ्यानं शेतकऱ्याचं "नको" आधी ऐकून घ्यावं आणि मग ड्रॉइंग करायला बसावं.

प्रश्न शोधायला करायचं काय? सुट्टीत दोन-तीन जागी नुसतं जाऊन या. फलटण तालुक्यात पाडेगावला मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र आहे, १९३२ पासूनचं. आपल्या रानातलं फुले २६५ हे उसाचं वाण तिथलंच. कसबे डिग्रजला राहुरी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, हळदीचं काम तिथं चालतं. फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ पासून आहे, ग्रामीण ऊर्जेवर तिनं केलेलं काम देशात नावाजलं गेलं. बोरगावचं कृषी विज्ञान केंद्रही जवळ आहे. तिथल्या माणसांना एकच विचारा: "शेतकरी तुमच्याकडे कोणती तक्रार घेऊन परत परत येतात?" मिळालेली उत्तरं वहीत लिहा. तीन-चार प्रश्न जमले की त्यातला एक तुमचा.

पायरी दुसरी: प्रवेशाचे तीन मार्ग

पहिला मार्ग राज्याचा. महात्मा फुले (राहुरी), डॉ. पंजाबराव देशमुख (अकोला), वसंतराव नाईक मराठवाडा (परभणी) आणि डॉ. बाळासाहेब सावंत कोकण (दापोली) या चार कृषी विद्यापीठांतले पदव्युत्तर प्रवेश पुण्यातली महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद एकत्रित राबवते. पदव्युत्तर सीईटी द्यायची, मग ऑनलाइन अर्जात शाखा आणि विद्यापीठांचे पसंतीक्रम भरायचे. पसंतीक्रम भरताना मित्र भरतोय ते बघू नका. तुमच्या प्रश्नाची शाखा चारही ठिकाणी आधी टाका, त्यानंतर दुसरी शाखा. राहुरी घराजवळ म्हणून नको असलेली शाखा पहिली टाकणारे पुढं दोन वर्षं कुढत बसतात.

दुसरा मार्ग भारतीय कृषी संशोधन परिषदेचा, म्हणजे आयसीएआरची एआयईईए पदव्युत्तर परीक्षा. ती राष्ट्रीय परीक्षा संस्था (एनटीए) घेते. संगणकावर १२० प्रश्न, १२० मिनिटं, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. एका प्रश्नाला एक मिनिट, म्हणजे मोठं गणित सोडवत बसायला वेळ नाही; इथं व्याप्ती लागते. या परीक्षेतून देशभरातल्या कृषी विद्यापीठांत आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जागा मिळतात. वरच्या क्रमांकाला पीजी शिष्यवृत्ती मिळते, ती दरमहा १२,६४० रुपये. घरून पैसे मागायला संकोच वाटणाऱ्या मुलांसाठी ही परीक्षा फार मोलाची आहे आणि आपल्याकडची पोरं तिच्याकडे म्हणावं तितकं लक्ष देत नाहीत याचं मला वाईट वाटतं. लुधियाना, पंतनगर, कोइंबतूर, उदयपूर इथले कृषी अभियांत्रिकीचे विभाग जुने आणि भक्कम आहेत. भाषेची भीती पहिल्या दोन महिन्यांत निघून जाते.

तिसरा मार्ग गेट, म्हणजे अभियांत्रिकीच्या एम.टेक. प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा. कृषी अभियांत्रिकीचा पेपर एजी या नावानं ओळखला जातो. ६५ प्रश्न, १०० गुण, तीन तास. त्यातले १५ गुण सामान्य क्षमतेचे. अर्ज साधारण ऑगस्टअखेरीपासून, परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. गुण तीन वर्षं चालतात आणि तिसऱ्या वर्षापासून परीक्षा देता येते, म्हणून पहिला प्रयत्न तिसऱ्या वर्षातच द्या, तोही पूर्ण तयारीनं. गेटवर आयआयटी खरगपूरचा कृषी व अन्न अभियांत्रिकी विभाग खुला होतो. हा विभाग १९५२ पासूनचा, आयआयटींमधला कृषी अभियांत्रिकीचा मूळ विभाग. गेटधारक एम.टेक. विद्यार्थ्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं.

तिन्ही परीक्षा द्याव्यात का? द्याव्यात. अभ्यासक्रम बराच सामाईक आहे. तयारी गेटच्या पातळीवर करा, मग शेवटच्या दोन महिन्यांत एआयईईए आणि सीईटीसाठी वस्तुनिष्ठ प्रश्नांचा वेग वाढवा. उलट बाजूनं गेलात, म्हणजे सीईटीपुरता अभ्यास करून गेटला बसलात, तर गणिती प्रश्न सुटणार नाहीत.

पायरी तिसरी: अभ्यास गणितानंच करा

गेटच्या एजी पेपरात अभियांत्रिकी गणित, कृषी यंत्रे, कृषी शक्ती, मृद व जलसंधारण, सिंचन व निचरा, कृषी प्रक्रिया आणि दुग्ध व अन्न अभियांत्रिकी असे भाग आहेत. आपली पोरं व्याख्या आणि प्रकार पाठ करण्यात वेळ घालवतात. प्रश्न मात्र आकडे देऊन येतो, आणि काही प्रश्नांना पर्यायच नसतात. उत्तराचा आकडा स्वतः टाकावा लागतो. अशा प्रश्नांना वजा गुण नाहीत, म्हणून ते सोडून येऊ नका.

एक उदाहरण पूर्ण सोडवतो. तासगावात कुणालाही विचारा, चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा असंच सांगतात. ही चाराला एकची चाल कुठून येते? समजा १०० किलो द्राक्षात ओलसर आधारावर, म्हणजे एकूण वजनाच्या, ८० टक्के पाणी आहे. म्हणजे पाणी ८० किलो, कोरडा गर २० किलो. वाळवून बेदाण्यात पाणी १५ टक्के ठेवायचं. वाळवताना कोरडा गर बदलत नाही, ही गणिताची किल्ली. बेदाण्यात तो गर ८५ टक्के असणार, म्हणून बेदाण्याचं वजन २० भागिले ०.८५, म्हणजे २३.५ किलो. शंभराला साडेतेवीस, जवळपास चाराला एक. काढलेलं पाणी ७६.५ किलो. पाण्याची बाष्पीभवन उष्णता किलोला साधारण २.४ मेगाज्यूल धरली तर १८० मेगाज्यूलच्या वर उष्णता लागली, आणि उघड्या शेडमध्ये ती सगळी हवेनं आणि उन्हानं दिली.

याच गणिताचा दुसरा चेहरा: ८० टक्के ओलसर आधार म्हणजे कोरड्या आधारावर (पाणी भागिले नुसता कोरडा गर) ८० भागिले २०, म्हणजे ४०० टक्के. परीक्षेत एक आकडा ओलसर आधारावर आणि दुसरा कोरड्या आधारावर देतात आणि निम्मी मुलं तिथंच घसरतात. प्रश्न वाचताच कोणता आधार आहे त्याखाली रेघ मारायची सवय लावा.

सिंचनाचंही तसंच. जतच्या बागेला सेकंदाला ५ लिटर पाणी हवं, घर्षणासह एकूण हेड (पाणी चढवायची उंची) ६० मीटर, पंपाची कार्यक्षमता ६० टक्के. ९.८१ गुणिले ५ गुणिले ६० भागिले १००० म्हणजे २.९४ किलोवॅट ही पाण्याला लागणारी शक्ती. कार्यक्षमतेनं भागल्यावर ४.९ किलोवॅट, म्हणजे सुमारे ६.६ अश्वशक्ती. बाजारातली पुढची मोटर साडेसातची. हे गणित सोडवलं की आपल्या विहिरीवरची मोटर गरजेपेक्षा मोठी आहे का हेही समजतं. गावातल्या प्रत्येक यंत्राला असं एकदा कागदावर उतरवा: मळणी यंत्राची क्षमता, कल्टिव्हेटरची तासाला होणारी मशागत, शेततळ्याचं आकारमान. सूत्र डोक्यात बसायला याहून सोपा रस्ता मला माहीत नाही.

दिवसाचं वेळापत्रक ज्याचं त्यानं करावं. एवढंच सांगेन की मागच्या दहा वर्षांच्या गेट प्रश्नपत्रिका विषयवार कापून सोडवा, वर्षवार नंतर. आणि गणकयंत्र पडद्यावरचंच वापरून सराव करा, हातातल्या गणकयंत्राची सवय परीक्षेत कामाला येत नाही.

पायरी चौथी: कागदपत्रं

यात फार सांगण्यासारखं नाही, पण दरवर्षी हुशार मुलांची जागा इथंच जाते. जात वैधता प्रमाणपत्राला सगळ्यात जास्त वेळ लागतो. ते नसेल तर आजच जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करा. नॉन-क्रिमिलेअर, आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला यांची मुदत संपलेली नाही ना ते बघा. वय-अधिवास, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, सत्रनिहाय गुणपत्रिकांचा एकत्रित उतारा, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आणि विद्यापीठ बदलत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र. मध्ये वर्ष गेलं असेल तर खंड प्रमाणपत्र. आधार आणि गुणपत्रिकेवरच्या नावात वडिलांचं नाव, आडनाव मागंपुढं असेल तर ते आधीच दुरुस्त करून घ्या. शिष्यवृत्ती आणि शुल्क सवलतीचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात, त्यासाठी बँक खातं आधारला जोडलेलं हवं.

पायरी पाचवी: विद्यापीठ निवडताना

आपले दोन्ही जिल्हे राहुरी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. तिथलं डॉ. अण्णासाहेब शिंदे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय १९६९ पासूनचं. उसावर, निचऱ्यावर, द्राक्षपट्ट्यावर काम करायचं असेल तर राहुरीचा फायदा उघड आहे, विद्यापीठाचीच संशोधन केंद्रं तुमच्या गावाजवळ आहेत. पण जलसंधारणात डोंगरी भागाचा अभ्यास करायचा असेल तर दापोली बघा. पाटण, जावळी, महाबळेश्वरचे उतार कोकणच्या पाऊसमानाला जवळचे. कराडहून कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असा रस्ता आहे. अकोल्याला जाणाऱ्यांना महाराष्ट्र एक्सप्रेस सोयीची, सांगली, कराड, साताऱ्याहून थेट. अंतर हा मुद्दा मी शेवटी धरतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या शाखेत मार्गदर्शन करणारे प्राध्यापक किती आहेत, प्रयोगशाळेत कोणती उपकरणं चालू स्थितीत आहेत आणि मागच्या तीन-चार वर्षांत तिथं कोणत्या विषयांवर प्रबंध झाले. कृषिकोश या संकेतस्थळावर कृषी विद्यापीठांचे प्रबंध वाचायला मिळतात. आपल्या प्रश्नावरचे पाच प्रबंध शोधा आणि त्यांचं शेवटचं प्रकरण आधी वाचा; पुढं काय करायला हवं ते तिथं लिहिलेलं असतं. सध्याच्या एम.टेक. विद्यार्थ्यांना फोन करून विचारा. ती पोरं मोकळेपणानं सांगतात.

पायरी सहावी: पहिलं वर्ष आणि मार्गदर्शक

आयसीएआरच्या सुधारित अभ्यासक्रमानुसार एम.टेक. ७० श्रेयांकांचं (क्रेडिटचं) आहे: मुख्य विषय २०, दुय्यम ८, पूरक ६, सामाईक ५, परिसंवाद १ आणि प्रबंध ३०. हा शेवटचा आकडा परत वाचा. जवळपास निम्मी पदवी प्रबंधाची आहे.

मार्गदर्शक ठरायच्या आधी भेटायला जाताना एक पान लिहून न्या: प्रश्न काय, कुठला, आधी कुणी काय केलंय, तुम्ही काय मोजणार, किती महिने लागतील. "सर, तुम्ही द्याल तो विषय," असं म्हणून गेलात तर चालू प्रकल्पातला उरलेला तुकडा हातात पडतो. तोही चांगला असू शकतो, पण तो तुम्ही निवडलेला नसतो. सरांनी किंवा मॅडमनी तुमचा प्रश्न छाटला, अर्धा केला, तर रागावू नका. दोन वर्षांत किती काम होतं हे त्यांनी पाहिलेलं असतं. सल्लागार समितीत दुसऱ्या शाखेचे सदस्य घेता येतात. निचऱ्यावर काम असेल तर मृदाशास्त्राचे, बेदाण्यावर असेल तर उद्यानविद्येचे कुणी असावेत असा आग्रह धरा.

दुय्यम आणि पूरक विषयांत संख्याशास्त्र टाळू नका. तुलना करायचे पर्याय (उपचार) किती आणि प्रत्येक पर्याय किती वेळा करायचा (पुनरावृत्ती), हे प्रयोग मांडायच्या आधी ठरतं. शेतातून आकडे आणून मग संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलात तर उशीर झालेला असतो. नकाशाच्या कामाला क्यूजीआयएस, पीक-पाण्याच्या हिशेबाला क्रॉपवॅट, विश्लेषणाला आर, ही मोफत मिळणारी साधनं पहिल्याच सत्रात शिकून घ्या.

पायरी सातवी: प्रबंध हंगामाच्या तालावर बसवा

विद्यापीठाचं कॅलेंडर सत्रांचं असतं, शेतीचं हंगामाचं, आणि एम.टेक.ची बहुतेक रखडपट्टी या दोन्हींचा मेळ न बसल्यानं होते. प्रवेश होऊन वर्ग सुरू व्हायला पावसाळा बहुतेक सरलेला असतो. म्हणजे अपधाव आणि मातीची धूप मोजायची असेल तर तुमच्या हाती एकच पावसाळा आहे, दुसऱ्या वर्षीचा. जूनच्या पहिल्या पावसाआधी पर्जन्यमापक, मोजणीचा बंधारा, पातळी नोंदणी हे सगळं जागेवर बसलेलं हवं. त्यासाठी जागा फेब्रुवारीत ठरावी, शेतकऱ्याची किंवा ग्रामपंचायतीची लेखी संमती मार्चमध्ये मिळावी, साहित्याची मागणी त्याच्याही आधी जावी. विद्यापीठाच्या खरेदीला किती वेळ लागतो ते वरच्या वर्गातल्यांना विचारा.

बेदाण्याचं गणित वेगळं. फेब्रुवारी ते एप्रिल हा हंगाम तुम्हाला दोनदा मिळतो. पहिल्या वर्षीचा चाचणीसाठी वापरा: संवेदक नीट चालतात का, शेडच्या वरच्या जाळीवर आणि तळच्या जाळीवर तापमान-आर्द्रतेत किती फरक पडतो, नमुने किती वेळानं घ्यायचे. खरा प्रयोग दुसऱ्या वर्षी. हळद जानेवारी ते मार्चमध्ये निघते, शिजवणी-वाळवणी त्याला लागूनच, म्हणजे तिथंही दोन संधी. कारखान्याचा गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, तोडणी आणि पाचटाची कामं त्यात बसवा. भूमिगत निचऱ्याचा परिणाम मात्र एका हंगामात नीट दिसत नाही. तिथं नवे पाइप टाकून वाट बघण्यापेक्षा आधीच झालेल्या कामांचं मोजमाप करा. पाच वर्षांपूर्वी पाइप टाकलेलं रान, दहा वर्षांपूर्वीचं रान आणि शेजारचं न टाकलेलं रान, तिन्हींची माती थरांनुसार तपासली तर दोन वर्षांत पक्कं काही हाती लागतं.

शेतकऱ्याच्या रानात प्रयोग असेल तर त्याच्या कामात अडथळा येणार नाही असं बघा. तुमच्या नोंदीच्या दिवशीच त्याला औषध मारायचं असतं, पाण्याची पाळी असते. पाळीचं वेळापत्रक आधी मागून घ्या. रोजच्या नोंदी छापील तक्त्यात, पेननं, त्याच दिवशी, संध्याकाळी संगणकात. अवकाळी पाऊस झाला, वीज गेली, शेडचा कापड फाटला, तर तेही लिहा. विश्लेषणात एखादा आकडा वेडावाकडा आला की हीच टीप तुम्हाला वाचवते.

लिखाण शेवटच्या दोन महिन्यांवर ढकलू नका. पूर्वसंशोधनाचा आढावा पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात, साहित्य व पद्धतीचं प्रकरण प्रयोग चालू असतानाच. हे दोन्ही आधी झालं तर निकालाच्या प्रकरणाला पुरेसा वेळ मिळतो. चोरीच्या मजकुराची तपासणी होते, म्हणून वाचलेलं स्वतःच्या शब्दांत, संदर्भासह लिहीत जा.

पदवीनंतर

कृषी वैज्ञानिक निवड मंडळाची नेट परीक्षा प्राध्यापकीसाठी हवी, ती प्रबंध सादर करायच्या वर्षीच द्या. बँकांतलं कृषी अधिकारी पद आयबीपीएसमधून, नाबार्डची अधिकारी परीक्षा, राज्याची कृषी सेवा, यांत कृषी अभियंते जातात. ट्रॅक्टर-अवजारं, ठिबक आणि पंप बनवणाऱ्या कंपन्यांना चाचणी व रचना विभागात एम.टेक. झालेली माणसं लागतात. तिथं मुलाखतीत पदवीपेक्षा प्रबंधावर जास्त प्रश्न येतात: काय मोजलं, कसं मोजलं, चूक किती होती. गावात अवजार बँक किंवा हळद प्रक्रिया केंद्र काढायचं मनात असेल तर एम.टेक.च्या काळातच खर्चाचा आराखडा करून ठेवा, उपकरणांचे भाव आणि क्षमता तेव्हा हाताशी असतात. पीएच.डी. करायची असेल तर प्रबंधातला निदान एक शोधनिबंध पदवी हातात पडायच्या आत पाठवा, आणि मार्गदर्शकांना त्यासाठी तोंडी परीक्षेआधीच भेटा, कारण त्यानंतर नवी तुकडी येते आणि त्यांचा वेळ तिकडे जातो.